पाचवं कडवं

रोज सकाळी शेगडी पेटवायच्या आधी आत्या पांढऱ्या सुती कापडाची बोटभर रुंद पट्टी कालच्या रंगात बुडवायची, एक कडवं म्हणायची आणि पट्टी बाहेर काढायची. खिडकीपाशी नेऊन ती उजेडात धरायची, डोळे बारीक करायची आणि रंग अजून जिवंत आहे की रात्रीत मेला ते ठरवायची. जिवंत असला तर म्हणायची, "उठलाय." मेला असला तर टाकी सरळ मोरीत उपडी करायची. पट्टी दाराजवळच्या खिळ्यावर जायची. आदल्या दिवसाच्या पट्टीवर आजची, आजच्यावर उद्याची. तो खिळा लांबून एखाद्या पक्ष्याच्या शेपटीसारखा दिसायचा.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. तिचं रंगकामाचं दुकान होतं. विटलेले कोट, उन्हानं फिके पडलेले पडदे, सोफ्यांची आवरणं, कामगारांचे गणवेश, धुण्यात एकमेकांचा रंग लागलेले सदरे, असलं सगळं तिच्याकडे यायचं आणि नव्यानं रंगून जायचं. पुढच्या खोलीत गिऱ्हाइकांसाठी एक बाकडं आणि आरसा. मागच्या दोन खोल्यांत एकेक टाकी, टाकीखाली शेगडी, आणि इतकी वाफ की भिंतीवरचा चुना कायम ओला असायचा. त्यापलीकडे गच्च दोऱ्या बांधलेलं एक लहानसं अंगण. आत्याचे यजमान लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेले होते. दुकान त्यांचं होतं, पण ते वाढवलं तिनं. तिच्या हातांचा रंग कोपरापर्यंत कधीच नक्की सांगता यायचा नाही.

तिच्याकडे घड्याळ नव्हतं असं नाही. होतं, पण त्याच्या काचेच्या आत वाफेचं पाणी साचलेलं असायचं. काटे मासोळीसारखे धूसर दिसायचे. ती रंग मोजायची तो कवितेवर.

शाळेत पाठ केलेली कविता. सात कडव्यांची, एका वाऱ्याच्या प्रवासाची. पहिलं कडवं असं होतं:

वारा निघाला प्रवासाला,
घेतली नाही पिशवी,
दार कुणाचे, खिडकी कुणाची
जाता जाता हलवी.

टाकीत कापड सोडलं की ती लांब काठीनं ढवळायला लागायची आणि ढवळण्याच्या तालावर कविता सुरू व्हायची. फिका राखाडी हवा तर तीन कडवी. आकाशी हवा तर पाच. गडद रंगाला पूर्ण कवितेच्या फेऱ्या. तिची गिऱ्हाइकंही हीच भाषा बोलायची. शेजारचा शिंपी दारातूनच ओरडायचा, "ताई, मागच्या खेपेला चार कडव्यांचा दिलात, गिऱ्हाईक म्हणतं पाणचट झाला. यंदा एक कडवं वाढवा!" ती आतून उत्तर द्यायची, "वाढवते. पण ते गिऱ्हाईक स्वतःच पाणचट असेल तर कोट काय करणार?"

मी लहान असताना तिला विचारलं होतं, की सरळ आकडे का मोजत नाहीस. एक ते शंभर, संपलं. ती म्हणाली, "सुरुवातीला तेच करायचे. पण मधेच कुणी येतं, 'किती मीटर आहे?' मी म्हणते, 'बारा.' झालं! मग आत मी साठावर होते की बारावर? आकड्यात आकडा मिसळतो. कवितेत काही मिसळत नाही. बारा म्हटलं तरी वारा आपला डोंगरावर असतो तिथंच असतो."

ही कविता तिला शिकवली होती लांब वेणीच्या एका बाईंनी. वर्गात प्रत्येकानं उभं राहून, हात मागे बांधून, न अडखळता म्हणायची असा त्यांचा दंडक होता. आत्याला पाठांतराचा मनस्वी कंटाळा. एकदा तिनं उभं राहूनच विचारलं, "बाई, हिचा पुढं उपयोग काय?" बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मला तरी काय माहीत? आधी पाठ कर, मग बघू."

आत्या हे सांगताना दर वेळी हसायची. "खोटं बोलल्या असत्या, तुझं आयुष्य घडेल वगैरे म्हणाल्या असत्या, तर मी मुद्दाम पाठ केली नसती. पण त्यांनाच माहीत नव्हतं. मग म्हटलं, बघू तरी."

माझ्या आईला हे कौतुक मान्य नव्हतं. आई औषधांच्या दुकानात अर्धा दिवस काम करायची आणि शाळेबद्दल तिचं मत पक्कं होतं. "माझ्या आयुष्यात अजून एकदाही कुणी मला त्रिकोणाचे कोन विचारायला आलेलं नाही. कुठल्या डोंगरावर कुठलं खनिज सापडतं ते तोंडपाठ होतं मला. कधी कुणी आलं का विचारायला, की बाई, जरा खनिज दाखवता?"

"तुला डोंगरापर्यंत कोण नेणार?" आत्या म्हणायची. "तू माझ्या अंगणापर्यंत यायला सतरा सबबी सांगतेस."

त्या नणंद-भावजय होत्या आणि मैत्रिणीही होत्या, म्हणून एकमेकींना हवं ते बोलायच्या. आत्या आईला 'भावजयबाई' म्हणायची, विशेषतः चूक काढायची असली की. आई तिला 'ताई' म्हणायची आणि 'तुम्ही' म्हणायची, पण त्या 'तुम्ही'मध्ये जेवढं मीठ बसेल तेवढं घालायची.

मी शाळेत असताना सभागृहाच्या पडद्याचं काम आलं. आमच्या भागातल्या जुन्या सभागृहाची डागडुजी झाली होती आणि रंगमंचाचा मोठा पडदा नव्यानं रंगवायचा होता. गडद निळा, सहा फेऱ्यांचा. आत्याकडे आजवर आलेलं हे सगळ्यात मोठं काम. पडदा पट्ट्यापट्ट्यांनी उसवून आणला होता. अर्धे पट्टे डाव्या बाजूचे, अर्धे उजव्या. एकट्या आत्याला ते वेळेत जमणं शक्य नव्हतं, म्हणून आईनं रजा काढली. मागच्या एका खोलीत आत्या, दुसरीत आई. एकाच डब्यातला रंग, रंग धरून ठेवायला एकाच मापाचं मीठ, सारखीच आच. कविता आईलाही येत होती. तिच्या शाळेतही हीच होती.

दोन्ही खोल्यांतून पुटपुटण्याचे आवाज यायचे. वाफेतून ते एकमेकांत मिसळायचे आणि नक्की कोण काय म्हणतंय ते कळायचं नाही. काठी काठावर आपटल्याचा आवाज तेवढा स्पष्ट यायचा.

पडदा शिवून टांगला आणि दुसऱ्या दिवशी सभागृहाचे व्यवस्थापक दुकानात आले. अतिशय सभ्य गृहस्थ. टोपी हातात घेऊन बाकड्यावर बसले आणि म्हणाले, "काम सुंदर आहे. फक्त एवढंच, की डावीकडे रात्र झालीये आणि उजवीकडे अजून संध्याकाळच आहे."

आत्या स्वतः जाऊन बघून आली. खरंच होतं ते. डावी बाजू, म्हणजे आत्याची, गडद. उजवी बाजू, म्हणजे आईची, चांगली दोन बोटं फिकी. चार दिवसांनी सभागृह उघडायचं होतं. परत आल्यावर आत्यानं चपला काढल्या आणि तिथंच उभी राहून म्हणाली, "भावजयबाई, घाई केलीत."

"मी? मी तर उलट हळू म्हटली."

"हळू म्हटली असतीस तर माझ्यापेक्षा गडद आला असता."

"तुम्हीच रेंगाळला असाल. तुम्हाला स्वतःचा आवाज फार आवडतो."

"रंग पातळ केलास?"

"एकाच डब्यातला होता ताई! मी काय त्यात ताक घातलं?"

असं बराच वेळ चाललं. मी बाकड्यावर बसून ऐकत होते. त्यात पुढे पुढे गंमत उरली नाही. आत्याचा आवाज बसत चालला. पडदा नीट झाला नाही तर एका कामापुरतंच नाक कापलं जाणार नव्हतं. पाच कडव्यांचा म्हणजे पाच कडव्यांचा, या एका भरवशावर तिचं दुकान उभं होतं. आणि चूक कुठे झाली तेच कळत नसेल, तर पुन्हा बुडवायचं तरी किती? अंदाजानं बुडवलं आणि उजवी बाजू जास्त गडद झाली, तर मग डावी बुडवायची, मग पुन्हा उजवी. सगळा पडदा काळा होईपर्यंत संपलं नसतं ते.

शेवटी आत्या म्हणाली, "चल. माझ्यासमोर म्हण. मोठ्यानं. मीही म्हणते."

दोघी रिकाम्या टाकीच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. दोघींच्या हातात काठ्या. निघाला वारा. डोंगर झाला, झाडी झाली, चौथ्या कडव्यात वाऱ्यानं पवनचक्कीचं पातं फिरवलं आणि 'म्हणे, झाले काम' इथपर्यंत दोघींचे सूर आणि वेग इतके सारखे होते, की एकच बाई म्हणतेय असं वाटावं. आणि मग एकाच क्षणी आत्या म्हणाली, "पुलाखाली आला वारा," आणि आई म्हणाली, "पुढे पसरला समुद्र निळा."

काठ्या थांबल्या.

"कसला पूल?" आई म्हणाली.

"पाचवं कडवं."

"हे आमच्यात नव्हतं."

"नव्हतं म्हणजे? चक्कीवरून वारा एकदम समुद्रात कसा जाईल? मधे काही आहे की नाही?"

"आमच्या पुस्तकात जायचा!"

आई आत्यापेक्षा बरीच लहान. मधल्या काळात पुस्तक बदललं होतं आणि कुणीतरी, कुठल्यातरी टेबलावर बसून, पाचवं कडवं काढून टाकलं होतं. आत्यानं ते म्हणून दाखवलं:

पुलाखाली आला वारा,
बसला घटकाभर,
कुणी न पुसले, कुठला बाबा,
कुठे तुझे रे घर.

आई ऐकून म्हणाली, "काढलं ते बरंच केलं. बसला तर तो वारा कसला?"

त्यावर आत्या आधी हसली, मग टाकीचा काठ धरून हसत राहिली, आणि मग डोळे पुसायला लागली. निळ्या हातांनी पुसल्यामुळे तिचे गालही निळे झाले. चूक सापडली होती. प्रत्येक फेरीत एक कडवं कमी. सहा फेऱ्या, म्हणजे सहा वेळा एकच कडवं. ओल्या पट्टीवर तिनं आधी करून बघितलं, मग उजव्या बाजूचे पट्टे उसवून परत टाकीत गेले, आणि त्या दिवशी दुपारभर वारा सारखा पुलाखालीच येऊन बसत होता. पण टाकीत हात घालायच्या आधी आत्यानं आईला समोर उभं केलं.

"हात मागे."

"ताई, पुरे आता."

"हात मागे बांध. न अडखळता."

आईनं दोनदा अडखळत, तिसऱ्यांदा नीट म्हटलं. "आता या वयात हे पाठ करून माझं काय भलं होणार आहे?" असं कुरकुरत का होईना, म्हटलं.

"मला तरी काय माहीत?" आत्या म्हणाली.

पडदा वेळेवर लागला. अजून आहे. ठाऊक असलेल्याच माणसाला दोन निळ्यांतला फरक दिसतो, आणि तो ठाऊक असलेली माणसं फार नाहीत. आई मात्र त्यानंतर रजेच्या दिवशी आत्याच्या मदतीला जायला लागली, ती जातच राहिली.

मी पुढे साहित्य शिकायला गेले. घरात बाबांनी काळजीच्या सुरात विचारलं, "याचं पुढे होतं काय?" तेव्हा आत्या तिथं बसली होती. ती म्हणाली, "सगळ्याचं रंगकाम होत नाही रे. काहीच झालं नाही तर नुसतं असू दे." मी एकदा तिला विचारलं होतं, तुला ती कविता आवडते का. तिनं माझ्याकडे असं बघितलं, की मी काहीतरी विचित्रच विचारलं असावं. "आवडायला ती काय भाजी आहे? असते आपली सोबत."

मग एका सकाळी पट्टी टाकीतच राहिली.

आई रजेच्या दिवशी नेहमीसारखी गेली तेव्हा शेगडी पेटलेली नव्हती आणि आत्या टाकीशेजारी जमिनीवर बसलेली होती. शुद्धीवर होती. उजवा हात मांडीवर पडलेला. आईकडे बघून ती काहीतरी सांगू बघत होती. पट्टी टाकीत पूर्ण काळी होऊन गेली होती.

दवाखान्यात चार दिवसांत हात थोडा हलायला लागला. पायही. पण शब्द गेले ते गेले. डॉक्टर म्हणाले, मेंदूतल्या एका जागेला रक्त मिळालं नाही. कळतं सगळं, बोलता येत नाही. एकच शब्द उरला होता, 'बादली'. पाणी हवं असलं तरी बादली, उशी नको असली तरी बादली. बाबा आले की "बादली", डॉक्टर आले की "बादली". पहिल्या दिवशी बाबा हसले. "ताई, मी तुझा भाऊ. बादली कसला?" तिलाही हसू आलं, आणि हसता हसता तिचा चेहरा असा काही झाला, की बाबा खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. आत काय म्हणायचंय ते तिला स्वच्छ माहीत होतं. बाहेर येताना प्रत्येक गोष्ट बादली होत होती.

शिंपी भेटायला आला तेव्हा तो सवयीनं म्हणाला, "लवकर बऱ्या व्हा, एक आठ कडव्यांचा कोट ठेवलाय तुमच्यासाठी." तो गेल्यावर आत्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. तिला काय वाटत होतं ते सांगायला शब्दाची गरज नव्हती. कविताच गेली, तर दुकान कुठलं?

वाचा-उपचार करणारी एक मुलगी रोज दुपारी यायची. माझ्याच वयाची. ती चित्रं दाखवायची. कप, चावी, मांजर. आत्या मन लावून बघायची आणि म्हणायची, बादली. मुलगी कधी कंटाळली नाही. चौथ्या की पाचव्या दिवशी ती आईला म्हणाली, "लहानपणी तोंडपाठ केलेलं काही आहे का त्यांचं? प्रार्थना, गाणं, पाढे, काहीही. तोंडपाठ गोष्टी कधी कधी वेगळ्या वाटेनं येतात. येतीलच असं नाही."

आई खुर्चीवरून अशी उठली, की खुर्ची पडली.

"ताई," ती म्हणाली. पलंगाच्या कडेला बसली. आत्याचा डावा हात हातात घेतला आणि चादरीवर ढवळल्यासारखा गोल फिरवायला लागली. "वारा निघाला..."

"प्रवासाला," आत्या म्हणाली.

आईचा हात फिरतच होता.

"घेतली नाही पिशवी," आत्या म्हणाली. "दार कुणाचे, खिडकी कुणाची, जाता जाता हलवी." एका दमात, शब्द न् शब्द स्पष्ट. ती स्वतःच इतकी चकित झाली, की तिनं स्वतःच्या तोंडावर हात ठेवला, आणि लगेच काढला, कारण आतून पुढचं येत होतं. दुसरं कडवं आलं. तिसरं आलं. तिसऱ्यात पक्षी होते, पानं होती, सगळी आपापल्या जागी. चौथं आलं, चक्की फिरली. "म्हणे, झाले काम," आणि आत्या थांबली.

ओठ हलत होते. हात आईच्या हातात गोल फिरत होता. पण पुढे काही नव्हतं. तिच्या डोळ्यांत परत ती भीती यायला लागली.

आईनं घाईघाईनं पुढची ओळ दिली. "पुढे पसरला समुद्र निळा."

आत्यानं हात हिसकून घेतला. गादीवर आपटला. "बादली!" ती म्हणाली. आणि पुन्हा, रागानं, भावजयबाई म्हणताना जो आवाज लागायचा अगदी त्याच आवाजात, "बादली!"

मग आईच्या लक्षात आलं. ती उभी राहिली. मला अजून ते दिसतं. आईनं दोन्ही हात मागे बांधले, आणि पलंगासमोर, दवाखान्याच्या त्या खोलीत, शाळेतल्या मुलीसारखी उभी राहून म्हणाली,

"पुलाखाली आला वारा..."

आत्यानं डोळे मिटले.

"बसला," ती म्हणाली. "बसला घटकाभर."

पुढच्या दोन ओळी त्यांनी दोघींनी मिळून म्हटल्या. समुद्रही झाला आणि शेवटी दमून वारा निजला. पुलाचं ते कडवं आमच्यापैकी दुसऱ्या कुणालाच येत नव्हतं. माझ्या पुस्तकात तर ती कविताच नव्हती. मी तिची चार कडवी ऐकून ऐकून शिकले होते, पाचवं नेहमी काठीच्या आवाजात हरवायचं.

पुढचे दिवस गमतीचे आणि कष्टाचे होते. सुटा शब्द तिला अजून येत नव्हता, पण कवितेतून चालत गेलं की सापडायचा. खिडकी उघडायला हवी असली की ती "वारा निघाला" पासून सुरू करायची, खिडकीशी आली की थांबायची आणि बोट दाखवायची. नर्स बाहेर जाताना "दार कुणाचे" म्हटलं की नर्स दार ओढून घ्यायची. पाणी हवं असलं की आम्ही तिच्याबरोबर समुद्रापर्यंत जायचो. फार तहान लागली असली की ती कडवी इतक्या वेगानं म्हणायची, की आई म्हणायची, "ताई, या वेगानं रंग पकडणार नाही." आणि घरी कधी सोडणार, हे डॉक्टरांना विचारायला तिला पाचवं कडवं पुरलं. ते तपासून जायला निघाले की ती त्यांची बाही धरून शेवटची ओळ म्हणायची. कुठे तुझे रे घर. डॉक्टर दोन दिवस वेगवेगळ्या प्रकारे आपला पत्ता सांगत होते.

बाबा हिशेबी माणूस. ते एकदा म्हणाले, "म्हणजे कवितेचं असं विशेष काही नाही. पाढे पाठ असते तर पाढेही आले असते."

"आले असते," आई म्हणाली. "पण सतराच्या पाढ्यात खिडकी कुठं आहे?"

यावर सगळ्यात मोठ्यानं आत्या हसली.

हळूहळू शब्द कवितेबाहेरही पडायला लागले. सगळे आले नाहीत. नावं शेवटपर्यंत अडखळली. वाक्यं छोटी झाली. पण ती दुकानात परत गेली, आणि आईनं औषधांचं दुकान सोडलं. उजव्या हाताला जोर नव्हता म्हणून ढवळायची आई आणि कविता म्हणायची आत्या, बाकड्यावर बसून, पाय खाली सोडून. शिंप्याचा कोट झाला. आठ कडव्यांचा म्हणजे किती, यावर दोघींचं भांडण झालं, कारण कविता सातच कडव्यांची आहे. शेवटी ठरलं, की आठवं म्हणून पुन्हा पुलाखाली जायचं. 'बादली' हा शब्द मात्र आमच्या घरात राहिला. कुणी फार प्रेमानं वागलं की आम्ही त्याला बादली म्हणतो.

अशी सहा-सात वर्षं मिळाली. ती उसनी होती असं मला कधी वाटलं नाही. ती त्या लांब वेणीच्या बाईंनी दिली असं मात्र वाटतं. बाईंना हे कधी कळलं नाही. कुठल्या मुलीला आपण काय दिलं, ते किती वर्षांनी कुठल्या खोलीत उघडलं गेलं, हे त्यांना सांगायला कुणी गेलं नाही. कवितेविषयी वर्गात मी पुष्कळ ऐकलं, त्यातलं बरंच आवडलं. पण शाळेत शिकवलेल्याचा काय उपयोग, असं मला कुणी विचारलं, तर त्या बाईंइतकं खरं उत्तर मला अजून देता येत नाही.

आणि आईचंही देणं आहे. तिनं कुरकुरत, मोठेपणी, ज्याचा काही उपयोग नाही असं तिला वाटत होतं, ते पाठ केलं.

आत्या गेली ती दुपारी, झोपेत, दुकानाच्या मागच्या खोलीतल्या बाजेवर. त्याच्या तासभर आधी आई दोन हिरव्या चादरी पिळून अंगणात न्यायला निघाली होती. आत्या कुशीवर वळली, डोळे अर्धे मिटलेलेच होते.

"वाऱ्यावर घाल," ती म्हणाली. "उन्हात नको."